आधी चाल सांगा

शुक्रवारची संध्याकाळ झाली की याद्या फिरू लागतात. ‘वीकेंडसाठी हिप-हॉप आणि सोल’ असं काहीतरी नाव, त्याखाली चाळीस-पन्नास गाणी. मार्व्हिन गे याला खेटून केंड्रिक लमार, त्याला खेटून एरिका बडू, आणि सगळ्यांची मोट बांधायला एखादं विशेषण : निवांत, मधाळ, पावसाळी. या याद्यांतली गाणी वाईट असती तर भांडण सोपं होतं. पण ती बहुतेक उत्तम असतात. चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. अमुक गाणं अमुक गाण्यानंतर का, दोघांचं नातं काय, यातलं मूळ कोणतं आणि त्यावर चढलेली वेल कोणती, याचं उत्तर यादी करणाऱ्याजवळ नसतं आणि ते असायला हवं असंही त्याला वाटत नाही. सोल आणि हिप-हॉपच्या बाबतीत ही बेफिकिरी विशेष खटकते, कारण या दोन संगीतांचं नातंच मुळी गाणी निवडून दुसऱ्यापुढे ठेवण्यातून जुळलं आहे. हिप-हॉप ही सोलच्या गाण्यांची आजवर झालेली सर्वांत चोखंदळ यादी आहे, आणि ती ज्या कसोटीवर उभी राहिली ती कसोटीच आपण याद्या करताना सोडून दिली आहे, असं माझं म्हणणं आहे.

११ ऑगस्ट १९७३ ही तारीख हिप-हॉपच्या प्रत्येक इतिहासात येते. त्या दिवशी शनिवार होता, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेलने शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली, मुलींना २५ सेंट आणि मुलग्यांना ५० सेंट तिकीट लावलं, आणि रेकॉर्डी वाजवायला थोरल्या भावाला, कूल हर्कला, उभं केलं. नाचणारे कुठे उसळतात हे हर्क त्या काळातल्या पार्ट्यांत बघत गेला. गाणारा थांबतो आणि फक्त ड्रम-बास उरतात, त्या काही सेकंदांवर ते उसळत. मग एकाच रेकॉर्डीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून त्याने त्या सेकंदांची आवर्तनं सुरू केली. हीसुद्धा शिफारसच होती, पण बोट ठेवून केलेली : जेम्स ब्राउनचं हे गाणं, त्यातला हा ठेका, इथून इथपर्यंत. सहा आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला पहाटे दोन वाजता, इंग्लंडमधल्या विगन कॅसिनो या नाचघरात पहिली रात्रभराची सोल मैफल सुरू झाली. उत्तर इंग्लंडमधली कामगार पोरं अमेरिकेत न खपलेल्या, साठच्या दशकातल्या सोल रेकॉर्डींवर सकाळी आठपर्यंत नाचत, आणि पुढे तिथल्या रात्री ठरलेल्या तीनच गाण्यांनी संपू लागल्या. जिमी रॅडक्लिफ, टोबी लेजंड आणि डीन पॅरिश यांची ती तीन गाणी रसिकांना क्रमासकट पाठ आहेत. एकाच उन्हाळ्याच्या शेवटी, एकमेकांचा पत्ता नसलेल्या दोन गावांत, शनिवारच्या रात्रीला सोलचं गाणं निवडून देणं ही कला झाली. दोन्हीकडे निवडणारा समोर उभा होता, आणि गाणं फसलं तर नाचणारे लगेच थांबत.

इथे जाणकार मला अडवेल. हर्क आपल्या रेकॉर्डींची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा, विगनचे डीजे लेबलावर कागद चिकटवून गायकाचं खोटंच नाव सांगायचे; मग ज्या परंपरेने मूळ नाव लपवलं तिच्या नावाने नावं सांगण्याचा आग्रह कसला धरता? आक्षेप खरा आहे. पण माणूस लपवतो ती मौल्यवान वस्तू. लेबल काढलं जाई ते प्रतिस्पर्धी डीजेने तेच गाणं मिळवू नये म्हणून. आणि लपवलेलं ते नाव शोधायला शेकडो पोरं जुन्या रेकॉर्डींच्या दुकानांत धूळ खात बसली. सोलच्या विस्मृतीत गेलेल्या किती गायकांचं पुनर्वसन या शोधामुळे झालं! आज नाव पडद्यावर ढळढळीत दिसतं आणि तिकडे कुणी बघत नाही. त्या लपवण्यात जो आदर होता तो या उघडेपणात नाही.

निवडीतून नातं कसं तयार होतं याचा एकच दाखला पुरे. १९७४ मध्ये ग्लॅडिस नाइटने दोन गाणी जोडून एक लांब मेडली म्हटली. सुरुवातीला ती गात नाही, बोलते : जुने दिवसच चांगले होते असं लोक नेहमी म्हणतात, पण आजचे हे दिवसही उद्या कुणाचे तरी जुने चांगले दिवस होणार आहेत, अशा अर्थाचं. १९९३ मध्ये वू-टँग क्लॅनच्या रिझाने ते बोलणं आणि ते सूर उचलले आणि स्टेटन आयलंडच्या सरकारी इमारतींत वाढलेल्या पोरांच्या बालपणाखाली घातले. ग्लॅडिसबाईंचं बोलणं तिथे कडवट झालं, कारण या पोरांच्या जुन्या दिवसांत आठवावं असं फार थोडं होतं. १९९८ मध्ये लॉरिन हिलने ‘एक्स-फॅक्टर’मध्ये वू-टँगच्या त्या गाण्याचा धागा घेतला आणि त्याचं प्रेमभंगाचं गाणं केलं. २०१८ मध्ये ड्रेकने लॉरिनचा आवाज वेगाने फिरवून ‘नाइस फॉर व्हॉट’ हे नाचाचं गाणं बांधलं. ४४ वर्षांत एक सूर आठवणीतून गरिबीत, गरिबीतून विरहात आणि विरहातून शनिवारच्या नाचात आला, आणि प्रत्येकाने आधीच्याला काहीतरी उत्तर दिलं. आता ही चार गाणी एखाद्या वीकेंड-यादीत शोधा. ड्रेक ‘पार्टी’त सापडेल, लॉरिन ‘विरहा’त, वू-टँग ‘नव्वदच्या दशका’त आणि ग्लॅडिस नाइट ‘आईबाबांच्या गाण्यां’त. एकाच घरातली चार माणसं चार डब्यांत कोंबायची, याला निवड म्हणायचं?

आधीच्या गाण्याला उत्तर देणाऱ्या खऱ्या निवडीचा कळस म्हणजे डेट्रॉइटच्या जे डिलाचा ‘डोनट्स’. ७ फेब्रुवारी २००६ ला, डिलाच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, हा ३१ छोट्या तुकड्यांचा अल्बम आला आणि तीन दिवसांनी तो गेला. त्यावर रॅप नाही, बहुतांश जुन्या सोल गाण्यांचेच कापलेले तुकडे आहेत. ‘डोन्ट क्राय’ ऐकावं. द एस्कॉर्ट्स या मंडळींचं गाणं डिला आधी थोडा वेळ जवळपास जसंच्या तसं वाजू देतो, जणू म्हणतो, हे बघा मूळ. मग त्याचे कण-कण करून ते असे जुळवतो की तेच रडू दुसऱ्या लयीत ऐकू येतं. बंदिश आधी स्वच्छ मांडून मग तिची बढत करणाऱ्या गवयाचीच ही रीत आहे. आणि द एस्कॉर्ट्स कोण? न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगातले कैदी. त्यांचा पहिला अल्बम १९७३ मध्ये आला तेव्हा ते तुरुंगातच होते. तुझे अश्रू पाहवत नाहीत असं गजाआडून गाणारी माणसं, आणि ते गाणं मरणाच्या दारातून पुढे देणारा डिला : हे माहीत झाल्यावर तो दोन मिनिटांचा तुकडा पूर्वीसारखा ऐकू येत नाही. याच डिलाला आज ‘अभ्यासासाठी शांत बीट्स’ या गुळमुळीत प्रकाराचा आद्यपुरुष ठरवण्यात आलं आहे. त्याच्या ड्रमचा मुद्दाम ठेवलेला लंगडेपणा घ्यायचा, त्यातला सल काढून टाकायचा, वर पावसाचा आवाज घालायचा की झाला लो-फाय. ही उशीची खोळ आहे; तिच्यावर अधिक शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. सिल्क सॉनिक या जोडीचं २०२१ चं यश म्हणजे सत्तरच्या दशकाच्या कपड्यांची इस्त्री, फार तर. आणि एकच हाय-हॅट तीन मिनिटं कुटणारा सरसकट ट्रॅप वीकेंडला वाजतो तो केवळ दुसरं काही आठवत नाही म्हणून.

मनःस्थितीनुसार गाणी लावणं हा काही आजचा शोध नाही, हे मला मान्य आहे. १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या डब्ल्यूएचयूआर केंद्रावर मेल्विन लिंडसी या तरुणाने संथ, शृंगारिक सोल गाण्यांचा रात्रीचा कार्यक्रम सुरू केला. स्मोकी रॉबिन्सनच्या गाण्यावरून त्याचं नाव पडलं ‘क्वाएट स्टॉर्म’, आणि ते देशभरच्या केंद्रांनी उचललं. ती मनःस्थितीचीच यादी होती. पण तिच्यामागे आवाज ओळखीचा असलेला माणूस होता आणि त्याच्या आवडीनिवडीला त्याचं शहर जबाबदार धरत होतं. २०२० च्या टाळेबंदीत हेच पुन्हा दिसलं. २१ मार्चच्या शनिवारी डी-नाइस हा डीजे घरातून इंटरनेटवर रेकॉर्डी लावत होता आणि एक लाखाहून अधिक लोक एकाच वेळी ऐकत होते. ९ मेच्या शनिवारी एरिका बडू आणि जिल स्कॉट यांनी एकमेकींसमोर आळीपाळीने आपली गाणी लावली, प्रत्येक गाण्यामागची गोष्ट सांगितली, दुसरीला मनापासून दाद दिली. नावाला ती स्पर्धा होती, प्रत्यक्षात बैठक. ‘लोकांना दोन दिवस विसावा हवाय, शिकवणी नको’ असं म्हणणाऱ्यांनी या दोन शनिवारांचा हिशेब द्यावा. दमलेल्या, घाबरलेल्या माणसांना तेव्हा धीर दिला तो गाण्यांबद्दल बोलणाऱ्या माणसांनी. ब्राँक्सची पोरंही दमलेलीच होती. ती रमली, आणि कान उघडे ठेवून रमली.

‘उगाच एवढं मनावर घेता, गाणी तर द्यायचीत’ असं कुणी म्हणेल. तिथेच माझा खरा मतभेद आहे, कारण नाव न सांगण्याची किंमत कुणीतरी मोजलेली असते. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यातला ड्रमचा ठेका क्लाइड स्टबलफील्डचा, शेकडो हिप-हॉप गाणी त्यावर उभी राहिली, पण गाण्याचे हक्क जेम्स ब्राउनच्या नावावर होते आणि ड्रमवाल्याला त्यातून मानधन मिळालं नाही. विन्स्टन्सच्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’मधले ड्रमचे सहा-सात सेकंद वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला, त्या सेकंदांवर इंग्लंडमध्ये एक अख्खा संगीतप्रकार पोसला गेला. २०१५ मध्ये रसिकांनी वर्गणी काढून विन्स्टन्सच्या प्रमुखाला सुमारे २४ हजार पौंड दिले, तोवर कोलमनला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मग कायद्याने न्याय दिला म्हणावं, तर तोही नाही. १९९१ मध्ये दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध झालेल्या खटल्यात न्यायाधीशाने बायबलमधल्या चोरीविरोधी आज्ञेने निकालपत्र सुरू केलं. तेव्हापासून एका गाण्यात वीस गाण्यांचे तुकडे घालणं श्रीमंतांनाच परवडू लागलं. डी ला सोल या हिप-हॉप गटाचा १९८९ चा पहिला अल्बम असल्याच हक्कांच्या गुंत्यामुळे ३ मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर आलाच नाही. त्यांच्यातला ट्रुगॉय त्याआधी तीनच आठवडे गेला. त्या काळात केलेल्या हजारो ‘सर्वोत्तम हिप-हॉप’ याद्यांत ती गाणी नव्हती आणि त्यांची अनुपस्थिती कुणाला टोचली नाही. ज्या यादीची सीमा वकिलांनी आखली, तिला आपण आपली आवड म्हणत होतो. कायदा पैशांची वाटणी पाहील. नाव घेण्याचं काम मात्र रसिकाचं आहे आणि त्याला छदामही लागत नाही.

मराठी माणसाला हे पटवून द्यायला फार लांब जायला नको. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर चाल लिहिलेली असे : हे पद अमुक गाण्याच्या चालीवर. किर्लोस्करांच्या काळापासून कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही, पद त्यामुळे उसनं ठरलं नाही. उलट मूळ चाल ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला कवीने काय नवं केलं ते अधिक कळे. जे-झी आणि कान्ये वेस्टने २०११ मध्ये ओटिस रेडिंगच्या आवाजावर बांधलेल्या गाण्याचं नावच ‘ओटिस’ ठेवलं आणि मृत गायकाला सहगायक म्हणून श्रेय दिलं, ती चाल लिहिण्याचीच पद्धत. मुंबईत ‘स्वदेसी’ या रॅप गटाच्या पोरांनी २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं तेव्हा आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांचा आवाज त्यांनी नमुना म्हणून कापून घेतला नाही, त्यांना नावानिशी आपल्याबरोबर उभं केलं. मराठी रॅपला पुढे जायचं असेल तर याच वाटेने. विकत आणलेल्या परक्या बीट्सवर आपल्या गल्लीचं नाव घेऊन भागणार नाही.

तेव्हा या शनिवारी पन्नास गाणी पाठवू नका. चार पाठवा आणि वर चाल लिहा. ड्रेकचं ‘नाइस फॉर व्हॉट’ : चाल, लॉरिन हिल. लॉरिन हिलचं ‘एक्स-फॅक्टर’ : चाल, वू-टँग क्लॅन. वू-टँगचं ‘कॅन इट बी ऑल सो सिंपल’ : चाल, ग्लॅडिस नाइट. आणि ग्लॅडिस नाइटच्या त्या मेडलीवर काय लिहाल? तिचं अर्धं गाणं एका चित्रपटातलं आहे, आणि उरलेलं अर्धं, ‘ट्राय टू रिमेंबर’, १९६० साली न्यूयॉर्कच्या एका छोट्या रंगमंचावर आलेल्या ‘द फँटास्टिक्स’मधलं. म्हणजे संगीत नाटकातलंच एक पद.