नूअला नी गोनिल : मूळ कविता आणि समोरचे पान

केवळ आयरिश भाषेत काव्यरचना करणाऱ्या नूअला नी गोनिल यांचा जन्म १९५२ साली इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात झाला. पाचव्या वर्षी त्या पश्चिम केरीतील आयरिशभाषी प्रदेशात नातलगांकडे आल्या. त्यांच्या ‘फेअरोज डॉटर’ (१९९०) या संग्रहात मूळ कवितांसमोर शेमस हीनी, पॉल मल्डून आदी १३ कवींचे इंग्रजी अनुवाद आहेत. उलट, बिडी जेंकिन्सन यांनी आयर्लंडमध्ये आपल्या कवितांचे इंग्रजी भाषांतर होऊ देण्यास नकार दिला. अनुवाद मुळाची जागा बळकावील, ही भीती अनाठायी खचितच नव्हे.

तथापि ‘द फिफ्टी मिनिट मरमेड’ (२००७) मधील मत्स्यमानवांच्या कवितांत या प्रश्नास निराळे परिमाण लाभते. सागर सोडून भूमीवर वसलेले हे लोक आपले पूर्वजीवन स्मृतीतून हद्दपार करतात; आयरिश समाजाच्या भाषालोपाची व्यथाच तीत प्रतिबिंबित झाली आहे. आयरिश न जाणणाऱ्या वाचकाची दृष्टी साहजिकच मल्डून यांच्या इंग्रजी पानावर स्थिरावते आणि त्या विस्मरणात तोही नकळत सहभागी होतो. सबब, न वाचता येणारे मूळ पान हेही या काव्यानुभवाचे अंगच मानावयास हवे. केवळ अनुवादावरून केलेले या कवितेचे मूल्यमापन अपुरेच ठरेल.