अरण्यस्वरांचा संगम

मार्टिन क्रॅडिक व सू हार्ट हीं ब्रिटिश कलावंत १९९२ सालीं कॅमेरूनच्या अरण्यांत मृगयाजीवी बाका लोकांत राहून आलीं. १९९३ मधील ‘स्पिरिट ऑफ द फॉरेस्ट’ ही ध्वनिमुद्रिका हें त्याचें फळ. बाका स्त्रियांच्या ‘येली’ गानांत अनेक कंठांचे भिन्न स्वर परस्परांत गुंफूनच गीत उभें राहतें. केल्टिक नृत्यसंगीताचा प्राण मात्र एकेरी, अलंकृत सुरावट. ‘बाका बियाँड’ या त्यांच्या वृंदांत फिडल वाजूं लागलें कीं ही सुरावट पुढें सरते. अरण्यकंठ रम्य पार्श्वभूमि होऊन मागें राहतात. उत्पन्नाचा वाटा बाका लोकांस पोंचविण्याची या कलावंतांची सचोटी खरोखर दुर्मिळ होय. परंतु द्रव्याचा न्याय म्हणजे स्वरांचा न्याय नव्हे. जेथें गिटार बाकांच्या लयीमागून चालते, तेथेंच संगम होतो; एरव्हीं ती पाहुण्याची यजमानावर कुरघोडीच ठरते.