पांढऱ्या वस्तूंचा हट्ट

'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' म्हटलं की डोळ्यांवरचा चष्मा नाहीतर हातातला फोन आठवतो. मला मात्र त्यातली दुसरी वाट अधिक आवडते. तिथे प्रोजेक्टरनं थेट वस्तूवरच चित्र पाडतात. अंगावर काही चढवावं लागत नाही आणि मला दिसतं तेच शेजारच्यालाही दिसतं.

या वाटेवरचं सर्वांत देखणं काम म्हणजे २००१मधलं 'शेडर लॅम्प्स'. मूळचे नाशिकचे, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले रमेश रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. ताजमहालाच्या कोऱ्या प्रतिकृतीवर प्रोजेक्टर रंग, पोत, ऊन-सावली चढवतात आणि निर्जीव ठोकळा इमारत होऊन उभा राहतो.

पण या देखणेपणाला एक अट आहे. प्रोजेक्टर प्रकाशाची भर घालू शकतो, असलेला प्रकाश काढून घेऊ शकत नाही. म्हणून वस्तू फिकट आणि बिनचकाकीची लागते. वास्तुरचनेच्या प्रतिकृतीला हे चालतं. आपलं स्वयंपाकघर तसं नसतं. काळा तवा प्रकाश गिळतो, स्टीलचा डबा तो भलतीकडे फेकतो.

पुढच्या संशोधनानं यावर जो उपाय काढला, त्याच्याशी माझं भांडण आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या श्री नायर यांच्या गटानं २००४ साली मांडलेल्या पद्धतीत कॅमेरा पृष्ठभागाचा रंग मोजतो आणि प्रोजेक्टर तो रंग झाकणारा प्रकाश टाकतो. गणित सुंदर आहे. निबंधाचं नावच 'मेकिंग वन ऑब्जेक्ट लुक लाइक अनदर'. म्हणजे वस्तू होती तशी दिसू नये, हेच यश. पोचा, डाग, झिजलेली कड या कुणाच्या तरी वापराच्या खुणा असतात. मी कोड लिहितो, त्या भाषेत त्यांना 'नॉइज' म्हणतात.

याउलट पिअर वेलनरचा 'डिजिटलडेस्क' पाहा. केंब्रिजमधल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत, १९९१च्या सुमारास केलेला. मेजावर कॅमेरा आणि प्रोजेक्टर. कागदावर छापलेल्या आकड्याकडे बोट दाखवलं की तो मेजावर उमटलेल्या कॅलक्युलेटरमध्ये जातो. दिसायला ओबडधोबड. पण इथे यंत्र कागद वाचतं, त्याला झाकत नाही. त्यावर पेनानं लिहिता येतं, तो घडी करून खिशात ठेवता येतो.

रासकरांचा ताज मी पुन:पुन्हा पाहीन. रोज वापरायला मात्र मला वेलनरचं मेज हवं.