सेल्फी नको, आधी गल्ली बघा

'शोकस्थळांवरचं पर्यटन' हा विषय घेऊन तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसलात, की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: लोक अशा ठिकाणी सेल्फी काढतात, त्यांना गांभीर्य नाही. वाक्य खोटं नाही. पण ही तक्रार झाली, संशोधनप्रश्न नव्हे.

१९९६ मध्ये मॅल्कम फोली आणि जॉन लेनन (गायक नव्हे!) यांनी 'डार्क टुरिझम' ही संज्ञा रूढ केली. तेव्हापासून बरंच लेखन 'लोक तिथे का जातात?' याभोवती फिरतं. मी तुम्हाला दुसरा प्रश्न सुचवेन: ती जागा आलेल्या माणसाला काय करायला सांगते?

जालियनवाला बागेत जायची अरुंद गल्ली घ्या. १३ एप्रिल १९१९ रोजी डायर याच वाटेने सैनिक घेऊन आत शिरला. मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या गल्लीत मावल्या नाहीत, म्हणून बाहेर राहिल्या. आत नेता आल्या असत्या तर त्या मशीनगन वापरल्या असत्या का, या हंटर समितीच्या प्रश्नाला त्याचं उत्तर 'बहुधा हो' असं होतं. आत अडकलेल्यांची बाहेर पडायची मुख्य वाटही हीच, आणि तिच्याच तोंडाशी सैनिक उभे. सुमारे दहा मिनिटांत १,६५० फैरी झाडल्या गेल्या. मृतांचा सरकारी आकडा ३७९. तो कमी असल्याचं तेव्हापासून सांगितलं जातं. थोडक्यात, त्या गल्लीची अरुंद रुंदी हाच एक पुरावा आहे.

२०२१ च्या नूतनीकरणात या गल्लीच्या भिंतींवर माणसांची शिल्पं बसवली गेली. इतिहासकार किम वॅगनर यांच्यासह अनेकांनी त्यावर टीका केली.

आता दुसरी बाजूही नीट मांडा, नाहीतर व्हायवात अडकाल. ही शिल्पं सांगतात की तिथे जमलेली माणसं साधीसुधी होती, बंडखोर नव्हती. डायरच्या युक्तिवादाला हे उत्तरच आहे. शिवाय बाग आधीही जशीच्या तशी नव्हती. बेंजामिन पोल्क यांनी आखलेलं स्मारक १९६१ पासून तिथे उभं आहे. म्हणून 'बदल केला' एवढ्यावर आक्षेप टिकत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. उघड्या, चिंचोळ्या भिंतींमधून चालताना कोंडी अंगावर येते, आपण कुठून आत चाललोय ते कळतं. शिल्पं लावली की गल्लीची गॅलरी होते. माणूस थांबतो, चेहरे न्याहाळतो, फोन काढतो. त्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, पण जागेने त्याला जे सुचवलं तेच तो करतोय. आत गोळ्यांच्या खुणा असलेली भिंत आहे, तिथे मात्र तोच माणूस खुणा शोधू लागतो. मग नैतिक जबाबदारी आधी कोणाची? माझ्या मते जागा घडवणाऱ्यांची, नंतर पाहुण्याची. मेलेल्यांना आपण पहिल्यांदा देणं लागतो ते त्यांच्या मृत्यूचा पुरावा शाबूत ठेवणं. शांत चेहरा करून फिरणं नंतरचं.

तेव्हा फील्डवर्कला जाल तेव्हा मुलाखतींआधी नुसता नकाशा काढा. वाट कुठून आत नेते, माणसं कुठे थांबतात, तिथे त्यांच्यासमोर काय ठेवलंय आणि काय झाकलंय, एवढं टिपा. 'लोकांना गांभीर्य नाही' हे वाक्य त्यानंतरही लिहावंसं वाटलं, तर खुशाल लिहा.