अंकलिपीतलं ईडलिंबू

मंडळी, टीका म्हटली की कादंबरी, कविता, फार तर एखादं आत्मचरित्र. आज आम्ही निवडलेलं पुस्तक तुमच्या सगळ्यांच्या घरात येऊन गेलेलं आहे आणि तरीही त्याचं परीक्षण आमच्या वाचनात कधी आलं नाही. अंकलिपी. आमच्याकडे आठवडी बाजारात कंगवे, रबर, रिबिनी यांच्या दुकानात ती मिळते. आमच्याकडे म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीत. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. लेकरू तीन-चार वर्षांचं झालं, की बाप मिरच्यांबरोबर अंकलिपी घेऊन येतो. शहरातल्या भावाचं पोरगं नर्सरीत जातं, एबीसीडी म्हणून दाखवतं. आपलं पोट्टं मागे पडलं तर? ही धास्ती खरी आहे. तिला हसायचं नाही.

आता पुस्तक उघडू. अननस, इमारत, ईडलिंबू, एडका, ऐरण. पुढे यज्ञ, षटकोन, क्षत्रिय. खरं सांगा, ईडलिंबू तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? पुण्यातल्या मुलानेही पाहिलेलं नसतं, तेव्हा हे काही फक्त जंगलावरचं दुखणं नाही. शब्द मुलासाठी निवडलेला नाही, अक्षरासाठी शोधलेला आहे. ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी अक्षराकडे जायचं, ही या पुस्तकाची युक्ती. वस्तूच अनोळखी असली तर मूल एका अंधारातून दुसऱ्या अंधारात जातं. आणि बाहेर बघावं तर मोह आहे, तेंदू आहे, धानाची बांधी, बोडी, पऱ्हे, सगळं समोर.

एक मात्र कबूल करू. बाराखडीची रचना फार देखणी आहे. एक व्यंजन धरलं की बारा घरं आपोआप भरतात. जुन्या अंकलिप्यांत पावकी, निमकी, दिडकी असायची; बाजारात उपयोगी पडायची. आणि हे पुस्तक स्वस्त आहे, मास्तर नसतानाही आईच्या हातात राहतं. त्यामुळे ते फेकून द्या असं आम्ही म्हणणार नाही.

आमचं भांडण खरं म्हणजे 'ण'शी आहे. ण बाणाचा. आमच्या झाडीबोलीत ण नाही. पाणी नाही, पानी. कोण नाही, कोन. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास केला, तेव्हा कुठे ती बिघडलेली मराठी नाही, तिचे स्वतःचे नियम आहेत, हे चार लोकांना पटलं. पण अंकलिपीला ते माहीत नाही. लेकरू पानी म्हणतं, आम्ही लगेच म्हणतो, 'पानी नाही रे, पाणी!' आमच्यातल्या प्रत्येकाने हे केलेलं आहे. त्या लेकराला त्या क्षणी काय कळतं? अक्षर नंतर कळेल. आधी कळतं, की माझी माय चुकीचं बोलते.

हे मराठी घरातलं झालं. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडे गेलात तर घरात माडिया नाहीतर गोंडी. गोंडीत पाण्याला येर म्हणतात. म्हणजे 'य' शिकवायला केवढा सोपा शब्द हाताशी, आणि आम्ही दाखवतो यज्ञ! मग पोरगं गप्प बसतं आणि आम्ही वहीत लिहितो, 'मूल बोलत नाही.' एका आईला आम्ही असं तोंडावर सांगितलं होतं. ती म्हणाली, "घरी तं लय बोलते जी."

आता जरा कोकणच्या बाजूला जाऊ, कारण या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिकडे सापडलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. पुढे १९७५ पासून सरकारी योजनेत अंगणवाडी हा शब्द गावोगावी पाटीवर आला. पाटी आली, पण अंगणात जे बोललं जातं, ते आत आलं नाही. अंगणवाडीताईचा यात दोष नाही. आहार, वजन, लसीकरण, नोंदी, सगळं तिच्याच डोक्यावर.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभांनी हे स्वतःच करायचं ठरवलं आणि २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २०२२ मध्ये परवानगी नाही म्हणून तिच्यावर नोटीस आली, आणि ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. गंमत बघा. शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याचं कलम १८ सांगतं, मान्यतेविना शाळा चालवाल तर एक लाखापर्यंत दंड. त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं, शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेत शिकवा. दोन कलमांत दहा-अकरा आकड्यांचं अंतर, आणि तेवढ्यात अख्खं गाव अडकतं. मोहगावच्या लोकांना अक्षर नको होतं असं कुणी समजू नये. वनहक्काचा दावा आणि तेंदूपत्त्याचा हिशोब वाचता आला नाही तर काय होतं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आम्ही एक छोटी खटपट केली. कोरी वही घेतली, आयांना शब्द विचारले, चित्रं आम्हीच काढली. म मोहाचा. फूल काढलं, गुलाबासारखं देठावर डौलात उभं. त्या 'न बोलणाऱ्या' पोराने वही ओढली आणि म्हणाला, "असा नाही राहत जी. खाली पडून राहते." पहाटे आईबरोबर टोपली घेऊन तो वेचायला जातो, देठावरचा मोह त्याने कशाला बघितला असेल? आम्ही खोडलं, जमिनीवर फुलं काढली. मग त्याने टोरी काढायला लावली, मग अस्वल.

आईने ते पान उलटसुलट पाहिलं. हसली. मग विचारलं, "पन शाळेत हे चालन का जी?" पुढच्या बाजाराला ती आमच्या वहीबरोबर अननसाची अंकलिपीही घेऊन आली, आणि दोन्ही एकाच पिशवीत ठेवल्या.