तेवीस जोड्या : ‘शिनसेकाई योरी’च्या शेवटाविषयी

‘शिनसेकाई योरी’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या पंचविसाव्या, म्हणजे शेवटच्या भागात एका बंडखोरावर खटला चालतो. आरोपीचे नाव स्क्वीरा. तो बाकेनेझुमी जमातीचा आहे. बाकेनेझुमी म्हणजे माणसाएवढे वाढलेले, दोन पायांवर चालणारे, बोलणारे राक्षसी उंदीर. ते वसाहती करून राहतात, प्रत्येक वसाहतीला एक राणी असते आणि ते माणसांना देव म्हणतात. या स्क्वीराने माणसांविरुद्ध युद्ध पुकारले, गाव जाळले, माणसे मारली. पशू नसशील तर मग तू आहेस तरी कोण, असे त्याला भर न्यायसभेत विचारले जाते. आम्ही माणसे आहोत, असे तो उत्तर देतो. क्षणभर शांतता होते आणि मग सगळी सभा खदखदून हसते.

हसणारे लोक वाईट नाहीत. आठवडाभरापूर्वी त्यांनी आपले आईबाप, शेजारी, मुले गमावली आहेत. त्यांचे दुःख खरे आहे आणि हसूही खरे आहे. मालिका संपल्यावर माझ्या मनात राहिले ते हे हसू. पुढचे विवेचन त्याचाच माग काढण्यासाठी आहे.

मालिका सप्टेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात टीव्ही आसाहीवर प्रसारित झाली. निर्मिती ए-वन पिक्चर्सची, दिग्दर्शक मासाशी इशिहामा. तिचा आधार युसुके किशी यांची त्याच नावाची २००८ची कादंबरी. ‘नव्या जगातून’ असा अर्थ होणारे हे नाव द्वोर्झाकच्या १८९३ सालच्या नवव्या सिंफनीवरून आले आहे. त्या सिंफनीच्या संथ भागातली धून जपानमध्ये ‘घरची वाट’ या गाण्याच्या रूपाने घरोघर माहीत आहे आणि कित्येक गावांत ती संध्याकाळी ध्वनिक्षेपकावरून वाजते. अंधार पडतोय, मुलांनो घरी चला, एवढाच तिचा निरोप. मालिकेतल्या गावातही ती वाजते. फरक इतकाच की इथे घरी परतलेल्या मुलांची संख्या कमी होत जाते आणि ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

काळ आजपासून हजारेक वर्षांनंतरचा. स्थळ कामिसू ६६, इबाराकी परगण्यातले. कामिसू नावाचे शहर त्या परगण्यात आजही आहे. कालवे, होड्या, भातशेती, विजेचा जेमतेम वापर, असे हे देखणे गाव. इथल्या प्रत्येक माणसाला वयात येताना मनोबलाने वस्तू हलवण्याची, मोडण्याची, जाळण्याची शक्ती मिळते. साकी वातानाबे ही मुलगी आणि तिचे मित्र सातोरू, शुन, मारिया, मामोरू यांना आपण बारा, चौदा आणि सव्वीस अशा तीन वयांत भेटतो. गोष्ट सांगते ती मोठी झालेली साकी.

या शक्तीचा इतिहास मुलांना एका फिरत्या ग्रंथालयाकडून कळतो. हे ग्रंथालय म्हणजे प्राण्याच्या रूपात लपलेले यंत्र आहे, आणि ही कल्पना मला फार आवडली. शक्ती प्रथम उघडकीला आली २०११ साली. त्यानंतर दंगली, युद्धे, गुलामांवर चालणारी साम्राज्ये. मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत या इतिहासाचे तुकडे काहीही न सांगता दाखवले आहेत. त्यातला एक तुकडा असा: एका सम्राटाचा राज्याभिषेक चालू आहे आणि प्रजा टाळ्या वाजवते आहे. थांबेल तो जाळला जाणार, म्हणून टाळ्या तीन दिवस चालतात. पहिल्या पाहण्यात हे निव्वळ क्रौर्यदर्शन वाटते. शेवटचा भाग पाहिल्यावर त्याची जोडी जुळते. टाळ्या वाजवणारी गर्दी भीतीने वाजवत होती. न्यायसभेतल्या गर्दीला हसण्याची सक्ती कोणी केलेली नव्हती. हजार वर्षांत सम्राट गेले, गुलामगिरी गेली, लोकांच्या मनात कणव आली आणि हे हसू उरले.

सम्राटांच्या काळातून बाहेर पडण्यासाठी माणसांनी जो उपाय शोधला, त्यावर सगळ्या कथेची उभारणी आहे. लांडगा आपल्या जातीच्या हरलेल्या लांडग्याचा गळा फोडत नाही, त्याच्यात उपजत आवर असतो, हे निरीक्षण कोनराड लोरेन्त्सने प्रसिद्ध केले. १९६३ सालच्या त्याच्या आक्रमकतेवरच्या पुस्तकाचा गाभा असा, की नखे-सुळे नसलेल्या माणसात हा आवर दुबळा राहिला आणि शस्त्रे मात्र झपाट्याने वाढली. किशींचे भविष्यातले शास्त्रज्ञ लोरेन्त्सचे म्हणणे जसेच्या तसे अमलात आणतात. हा आवर ते माणसाच्या जनुकांतच बसवतात. त्याच्या जोडीला मृत्यूची तरतूदही करतात: दुसऱ्या माणसाला मारले की मारणाऱ्याचे हृदय आपोआप थांबते. या यंत्रणेच्या जपानी नावातला ‘लाजेने मरणे’ या अर्थाचा शब्द आणि लेखकाचे आडनाव यांचा उच्चार एकच आहे, किशी. चित्रलिपी वेगळी. योगायोग असेल, पण लेखकाला तो जाणवला नसेल असे मला वाटत नाही.

लोरेन्त्सचे विज्ञान नंतर बरेच डळमळीत झाले. सिंह परक्या नराची पिल्ले मारतात. गोम्बेच्या जंगलात १९७४ ते १९७८ या काळात चिंपांझींच्या एका गटाने दुसऱ्याला पद्धतशीर संपवले, हे जेन गुडॉलने नोंदवले. खुद्द लोरेन्त्स १९३८ साली नाझी पक्षात गेला होता. पाळीव झाल्याने माणूस ऱ्हास पावतो आणि सदोष व्यक्ती वेगळ्या काढायला हव्यात, अशा अर्थाचे लेखन त्याने १९४० साली केले. १९७३च्या नोबेलच्या वेळी ते पुन्हा चर्चेत आले. मालिकेत यातले काहीच येत नाही. पण कामिसू ६६ चालते ते या दोन्ही लोरेन्त्सांवर. लांडग्याचा आवर पाहणारा एक, आणि सदोष वेगळे काढा म्हणणारा दुसरा.

कारण जनुकांतला आवर शंभर टक्के खात्रीचा नाही. हजारो मुलांत एखादे असे निघते की ज्याच्यात तो बसतच नाही. असे एक मूल सगळे गाव मारू शकते आणि त्याला मारायला गेलेला मोठा माणूस स्वतःच्याच हृदयाने मरतो. म्हणून शिक्षण मंडळ मुलांवर डोळा ठेवते आणि शंका येताच त्यांना नाहीसे करते. हे काम वाढवलेल्या मांजरांकडे असते. मग उरलेल्यांच्या आठवणी संमोहनाने पुसल्या जातात. साकीच्या वर्गातली रेइको अशीच एक दिवस नसते. साकीला एक थोरली बहीण होती, हे तिला एका छोट्या आरशावरून कळते. हे सगळे कायदेशीर आहे, कारण या गावात मानवी हक्क सुरू होतात सतराव्या वर्षी. त्याआधी मूल कायद्याच्या लेखी माणूस नसते.

या एका कलमाकडे समीक्षकांनी जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे दिलेले मला दिसले नाही. बहुतेक चर्चा शेवटच्या उलगड्याभोवती फिरते. तो उलगडा असा: सातोरू बाकेनेझुमींची जनुके तपासतो. आफ्रिकेतल्या केसहीन तीळउंदरापासून ते उत्क्रांत झाले, असे सर्वांना शिकवलेले असते. इथिओपिया-केनिया-सोमालियातला हा प्राणी मधमाश्यांप्रमाणे राणीच्या वसाहतीत राहतो. जेनिफर जार्विस यांनी १९८१ साली ते जगापुढे आणले. त्याच्या गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. सातोरूला सापडतात २३. माणसाइतक्याच. ज्यांच्याकडे शक्ती नव्हती अशा सामान्य माणसांना शक्तिवानांनी उंदराची जनुके मिसळून मुद्दाम कुरूप केले होते. त्यांना मारताना हृदय थांबू नये म्हणून.

याला कलाटणी म्हणणे मला पटत नाही. सतरा वर्षांचे कलम आणि २३ जोड्या हा एकच कायदा आहे. माणसाला मारता येत नाही, मग ज्याला मारायचे आहे तो माणूस राहू नये. मुलांच्या बाबतीत हे काम तारखेने केले, शक्तिहीनांच्या बाबतीत प्रयोगशाळेत. किशी कादंबरीकार होण्यापूर्वी आयुर्विमा कंपनीत नोकरीला होते आणि १९९७ची त्यांची ‘कुरोई इए’ ही भयकादंबरीही विमा कर्मचाऱ्याचीच आहे. धोक्याची किंमत आधी काढायची आणि ती कोणाकडून वसूल करायची ते ठरवायचे, ही त्या धंद्यातली विचारपद्धत. नीतिसमितीची वृद्ध प्रमुख तोमिको साकीला सगळे समजावते तेव्हा ती क्रूर भासत नाही. तिचा हिशेब चोख असतो, एवढेच.

आणि हा हिशेब कुठे फसतो? स्क्वीराकडे एक माणसाचे मूल असते. मारिया आणि मामोरू गावातून पळून गेलेले. त्यांना मारून त्यांचे अर्भक बाकेनेझुमींनी वाढवले. ते स्वतःला बाकेनेझुमी समजते. म्हणून माणसे मारताना त्याचे हृदय थांबत नाही. पण बाकेनेझुमीला मारले तर थांबेल. शेवटी किरोमारू हा बाकेनेझुमी सेनापती माणसाच्या वेषात त्याच्यासमोर जातो, मूल त्याला मारते, वेष गळतो आणि मूल मरते. म्हणजे जनुकांत कोरलेला आवर शेवटी जनुके पाहतच नाही; समोरचा आपला आहे की नाही याविषयी मनात जे बसले आहे ते पाहतो. किशींच्या कथेतला हा सर्वांत कठोर शोध आहे, आणि तो वादविवादातून न येता युद्धातल्या एका डावपेचातून येतो.

जपानी वाचकाला इथे एक जुना शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. तोकुगावा काळातल्या समाजरचनेत तळाशी ‘एता’ आणि ‘हिनिन’ होते. हिनिन म्हणजे अक्षरशः ‘माणूस नसलेला’. १८७१च्या फर्मानाने ही नावे रद्द झाली. पण १८७३ साली मिमासाका भागात जे दंगे झाले त्यात याच वस्त्यांवर हल्ले होऊन माणसे मारली गेली. पुढे ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत या समाजाने ‘सुइहेइशा’ ही संघटना उभारली. त्यानंतर पाचच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. किशींनी हे मनात धरून लिहिले असा माझा दावा नाही. पण दोन्ही ठिकाणी मागणी एकाच शब्दाची होती, आणि तो शब्द उच्चारणाऱ्याला हसणारी सभा मराठी वाचकाला परकी वाटू नये.

मात्र स्क्वीराला हुतात्मा करून टाकण्याचा मोह मालिका होऊ देत नाही. त्याच्या वसाहतीत प्रतिनिधींची सभा आहे, तो समतेची भाषा बोलतो. आणि त्याच वसाहतीत साकीला त्याची राणी दिसते: मेंदूवर शस्त्रक्रिया करून निर्बुद्ध केलेली, साखळदंडांत बांधलेली, फक्त पिल्ले देणारी. जे माणसांनी त्याच्या पूर्वजांचे केले तेच त्याने आपल्या आयांचे केले. ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’मधल्या सफाईदार बोलक्या डुकराचे नावही इंग्रजीत हेच आहे, त्यामुळे पाहणारा पहिल्यापासून सावध असतो. तरीही न्यायसभेत तो खरे बोलतो. खोटारड्याच्या तोंडून आलेले सत्य ऐकून घेण्याची तयारी आपल्यात किती असते, हे त्या दृश्यात तपासले जाते. मारियाविषयी मात्र माझी तक्रार आहे. साकीचे जिच्यावर इतके प्रेम, ती शेवटी एक उसासा आणि एक गर्भाशय एवढीच उरते. तिच्या मुलाला तर नावही मिळत नाही. 

स्क्वीराला शिक्षा होते अनंत नरकाची. देह सतत वेदना निर्माण करील आणि सतत दुरुस्त होईल, मरण नाही. त्या अवस्थेत त्याला संग्रहालयात मांडले जाते. २३ जोड्यांची गोष्ट कळल्यावर साकी तिथे जाते आणि त्याला मारून मुक्त करते. हे दृश्य हळुवार आहे, आणि याच ठिकाणी मला मालिकेशी भांडावेसे वाटते. साकीची करुणा खाजगी राहते. ती सभेसमोर उभी राहून सांगत नाही की हा खरे बोलत होता. कादंबरीत ती हे सर्व लिहून ठेवते, पण हजार वर्षांनी उघडायच्या पेटीसाठी, म्हणजे ज्यांच्या हातून काहीच दुरुस्त होणार नाही अशा वाचकांसाठी. तिच्या मौनामागे एक व्यवहारी कारण शोधता येते, मालिका ते उच्चारत नसली तरी: गावाने बाकेनेझुमींना माणूस मानले, तर पुढच्या बंडात बचाव करणाऱ्याचे हृदय थांबेल. अज्ञान हेच या गावाचे शेवटचे शस्त्र आहे आणि साकी आता सत्तेत आहे.

पण मग एक गोष्ट उरते. साकीला कळलेले असते. समोरचा माणूस आहे हे जाणून ती त्याला मारते, आणि तिच्या हृदयाला काही होत नाही. कदाचित दयेने केलेली हत्या त्या यंत्रणेला हत्या वाटत नसेल. किंवा कदाचित २३ हा आकडा तिच्या बुद्धीला पटला असेल आणि त्याखाली कुठेतरी, लहानपणी शिकवले तिथे, तो अजून उंदीरच असेल. मालिका इथे क्षणभरही रेंगाळत नाही. बाहेर संध्याकाळची तीच धून वाजते आणि साकी सातोरूबरोबर घरी जाते.