पडवी आत की बाहेर? : इमारतीच्या संगणकीय भाषेचे एक परीक्षण

कमी ऊर्जेत सुखावह राहील अशी इमारत रचावयाची, तर तिचा आराखडा आणि तिचे उष्णतागणित यांत संवाद हवा. 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' या पद्धतीने तो साधतो असे सांगितले जाते. येथे भिंत म्हणजे नुसत्या दोन रेषा नव्हेत. तिची जाडी, थर, उष्णतावहन हे गुण तिच्या नावाशीच जोडलेले असतात. या विचाराची मांडणी चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये केली. निरनिराळ्या संगणकप्रणालींना एकमेकींचे बोलणे कळावे म्हणून रचलेला 'इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस' हा संकेतव्यूह २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. तेव्हा भाषा म्हणून त्याची परीक्षा करणे अप्रस्तुत ठरू नये.

या भाषेचे व्याकरण काटेकोर आहे, हा तिचा मोठाच गुण होय. परंतु व्याकरणशुद्ध वाक्य खरे असतेच असे नाही. एका लांब भिंतीपलीकडे भिन्न तापमानाच्या दोन खोल्या असल्या, तर वास्तुशिल्पज्ञाच्या लेखी ती एकच भिंत. उष्णतेचे गणित करणाऱ्याच्या लेखी ते दोन स्वतंत्र तुकडे. संकेतव्यूहात या दुसऱ्या अर्थालाही स्थान आहे. मात्र तो कोणीतरी भरावा लागतो.

कोकणातील घराची पडवी घेतली म्हणजे अडचण अधिक स्पष्ट होते. जागेवर 'अंतर्गत' किंवा 'बाह्य' असा शिक्का मारावयाचा असतो. पडवी तर धड आत नव्हे, धड बाहेर नव्हे. अंतर्गत म्हटली, तर ती यंत्राने थंड करावयाची जागा म्हणून मोजली जाण्याचा संभव. बाह्य म्हणून वगळली, तर तिच्या छपराची भिंतीवरील सावलीही गणितातून गळण्याचा संभव. दोहोंचे पर्यवसान गरजेपेक्षा मोठे वातानुकूलन यंत्र बसविण्यात होऊ शकते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. शीत प्रदेश वगळता निवासी इमारतींच्या बाह्यकवचातून, छत सोडून, आत येणाऱ्या उष्णतेस २०१८ च्या इको-निवास संहितेने दर चौरस मीटरला १५ वॅट ही कमाल मर्यादा घातली आहे. तेथे सावलीचा हिशेब निर्णायक ठरतो.

सारांश, दोष संकेतव्यूहाचा कमी, आणि नाव दिले की अर्थ पोचला असे मानणाऱ्या वृत्तीचा अधिक आहे. आराखड्याच्या आरंभीच उभय तज्ज्ञांनी प्रत्येक जागेचा औष्णिक अर्थ लिहून निश्चित करावा. ओटी, पडवी, माजघर या शब्दांचा असा अर्थकोश करणे हे भाषा आणि वास्तुशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून हाती घेण्याजोगे कार्य आहे.